शाळेत सोय आहे का, हे विचारू नका. ती किती मिनिटं चालते ते विचारा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, नाशिक
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मा. कार्यकारी अभियंता, बांधकाम विभाग, यांच्याही माहितीसाठी

विषय : प्राथमिक शाळांमधल्या भौतिक सुविधा आणि पहिली ते चौथीच्या मुलांचं शिकणं

सप्रेम नमस्कार.

शाळांच्या सुविधांबद्दल बोलणं निघालं की टक्केवारी पुढे येते. इतक्या शाळांत शौचालय, इतक्या शाळांत वीज, इतक्या शाळांत पिण्याचं पाणी. ही माहिती शाळा वर्षाला एकदा यू-डायसमध्ये (शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदणीत) भरते आणि ती खोटी असते असं आमचं म्हणणं नाही. नळ असतो, शौचालय असतं, मीटरही असतो. पण पहिलीच्या मुलाला वाचता येण्याशी या ‘आहे-नाही’चा संबंध फार थोडा आहे. खरा संबंध आहे तो त्या सोयीमुळे शिकवण्याचा वेळ किती वाचला किंवा किती गेला याच्याशी. ऐकू आलं का, दिसलं का, बसता आलं का आणि वर्ग किती मिनिटं चालला, एवढ्या चार गोष्टींवर इमारत मुलाच्या अभ्यासात उतरते. हे पत्र त्या मिनिटांबद्दल आहे.

एक गोष्ट आधीच मोकळेपणाने सांगतो, कारण आमच्याच बाजूचे लोक ती टाळतात. इमारत बांधली की गुणवत्ता आपोआप वाढते, याला आधार नाही. शिकागो विद्यापीठातल्या अंजली अदुकिया यांनी भारतातल्या शाळांच्या शौचालय बांधणीचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शौचालयं झाल्यावर पट वाढला. लहान मुला-मुलींना कोणत्याही शौचालयाचा फायदा झाला, मोठ्या मुलींना मात्र स्वतंत्र शौचालयाचाच. परीक्षेतले गुण वाढले नाहीत. सोय मुलाला शाळेत आणते. पुढचं काम वर्गात होतं. म्हणून वर्गाच्या आत काय घडतं ते पाहिलं पाहिजे. ब्रिटनमधल्या २७ प्राथमिक शाळांच्या १५३ वर्गखोल्यांचा आणि ३,७६६ मुलांचा एक अभ्यास २०१५ मध्ये आला. वर्षभरातल्या प्रगतीत मुलामुलांत जो फरक पडला, त्यातला १६ टक्के फरक वर्गखोलीच्या उजेड, हवा, तापमान, मांडणी अशा गोष्टींशी जोडलेला निघाला. तिथल्या खोल्या आपल्यापेक्षा कितीतरी बऱ्या, आणि तरीही एवढा फरक.

आता नळापासून सुरुवात करू.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. म्हणजे दिवसाला चार तास, २४० मिनिटं. १२० पटाच्या शाळेत दोन नळ चालू आहेत असं धरा. साबण लावून हात नीट धुवायला २० सेकंद लागतात. पुढे सरकणं, बाही वर करणं, नळ सोडणं-बंद करणं धरून एका मुलामागे अर्धं मिनिट. १२० मुलं, दोन नळ : ३० मिनिटं. जेवण २० मिनिटं. नंतर ताट धुवायला तेच नळ, तीच रांग, पुन्हा ३० मिनिटं. एकूण ८० मिनिटं झाली आणि मधली सुट्टी ४५ मिनिटांची. उरलेली ३५ मिनिटं दुपारच्या पहिल्या तासिकेतून जातात. वर्षाला हिशेब केला तर ११६ तासांच्या वर, म्हणजे ८०० पैकी सातवा हिस्सा.

प्रत्यक्षात शाळा एवढा वेळ देत नाही. मग काय होतं? आधी साबण वगळला जातो, मग हात धुणंच. ताट विसळून चालवलं जातं. तासिका वाचते, पण पावसाळ्यात जुलाब-उलट्यांनी गैरहजेरी वाढते, आणि पहिलीतलं मूल ‘क’ ते ‘ज्ञ’च्या मधले आठ दिवस गमावतं. ते आठ दिवस परत कुणी शिकवत नाही.

याच शाळेत दहा नळांचा एक ओटा असेल तर धुणं दोन्ही वेळा सहा-सहा मिनिटांत होतं आणि सगळं सुट्टीत बसतं. ओट्याला काही मोठं लागत नाही. दोन्ही बाजूंनी पाच-पाच नळ, दोन नळांत पावणेदोन ते दोन फूट अंतर. उंची मात्र दोन प्रकारची हवी : पहिली-दुसरीसाठी कठडा दीड फुटाच्या आसपास, तिसरीपासून पुढे दोन फूट. सध्या बहुतेक ओटे मोठ्या माणसाच्या कमरेइतके बांधले जातात. लहान मूल टाचा उंचावून नळ धरतं, पाणी कोपरावरून बगलेत जातं आणि ते पुन्हा हात धुवायला तयार होत नाही. पाण्याचा हिशेब : हात धुवायला अर्धा लिटर, ताटाला एक लिटर, म्हणजे १२० मुलांना दिवसाला १८० लिटर. ५०० लिटरची टाकी पुरते, पण ती सकाळी भरलेली हवी. इथेच बिघडतं. गावाची नळयोजना एक दिवसाआड किंवा सकाळी सहाला अर्धा तास सुटते आणि शाळा उघडते नऊनंतर. टाकीला बॉलव्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारी तोटी) नसेल तर पाणी वाहून जातं म्हणून शाळेचा व्हॉल्व्ह बंदच ठेवला जातो. काही शे रुपयांच्या एका बॉलव्हॉल्व्हअभावी हजारो रुपयांचा ओटा कोरडा राहतो. सुरगाणा-पेठच्या टंचाईच्या पाड्यांत आणि येवला, नांदगाव, सिन्नरच्या टँकरच्या गावांत प्रश्न वेगळा आहे. तिथे टँकरच्या खेपांत शाळेचा वाटा आधी लिहून ठेवला तरच पाणी मिळतं, नाहीतर शाळा शेवटी.

पिण्याच्या पाण्याचं थोडक्यात : १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), अर्धा तास थांबणं, मग ओटी टेस्टमध्ये, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासण्याच्या चाचणीत, पिवळा रंग. डबा उघडा राहिला किंवा वर्षभर जुना असला की टीसीएलमधला क्लोरीन उडून जातो. पावडर टाकूनही पाण्याला रंग येत नाही तेव्हा बहुतेक वेळा हेच कारण असतं.

दुसरा मुद्दा उजेडाचा. आपल्या जिल्ह्यात तो तालुक्यागणिक बदलतो.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर खिडक्यांची लोखंडी झडपं बंद ठेवावी लागतात, नाहीतर झड थेट आत येते. वीस बाय वीस फुटांच्या खोलीचं क्षेत्रफळ साधारण ३७ चौरस मीटर. वीस वॉटची एलईडी ट्यूब सुमारे २,००० लुमेन उजेड देते (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा उजेड, लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारा). त्यातला निम्मा तरी भिंती, छत आणि धूळ खाऊन टाकतात. दोन ट्यूब असलेल्या खोलीत, झडपं बंद असताना, मुलाच्या वहीवर पडतो तो उजेड ५४ लक्सच्या आसपास. वाचन-लेखनासाठी वर्गात साधारण ३०० लक्स धरतात. हा झाला वीज असतानाचा हिशेब. या उजेडात मूल लिहू शकतं, पण काना आणि वेलांटी, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक ओळखायला त्याला डोळे वहीवर टेकवावे लागतात. थोड्या वेळाने ते बघणं सोडतं आणि शेजाऱ्याचं पाहून लिहितं. शिक्षकाला वाटतं मूल मागे पडतंय.

यावर उपाय दोन, आणि ते एकत्रच करावे लागतात. खिडकीवर बाहेरून दीड-दोन फुटांचं छज्जं किंवा पत्र्याचं पडवं काढलं तर झड अडते आणि वरची झडपं उघडी ठेवता येतात. झडपाचा वरचा तिसरा भाग लोखंडाऐवजी जाड पॉलिकार्बोनेट पत्र्याचा केला तर बंद असतानाही उजेड येतो. काच नको, ती पहिल्याच चेंडूला जाते. आतून भिंती आणि छत पांढरे. हिरव्या-निळ्या ऑइलपेंटची चार फुटी पट्टी ठीक आहे, पण वरपर्यंत गडद रंग मारून त्यावर चित्रं काढणं म्हणजे उजेड विकत घेऊन भिंतीला पाजणं. बोलक्या भिंतींच्या हौसेत हे बरंच झालंय. खिडक्यांचं एकूण क्षेत्रफळ जमिनीच्या सहाव्या हिश्श्याइतकं असावं हा जुना अंदाज अजूनही चालतो. ४०० चौरस फुटांच्या खोलीला चार बाय चारच्या चार खिडक्या, त्याही समोरासमोर.

ट्यूब दोनऐवजी सहा लावल्या तर दिवसभराचा भार १२० वॉट. चार तासांना अर्ध्या युनिटपेक्षा कमी. बिलाचा बाऊ होतो तो युनिटमुळे नाही, थकबाकीमुळे. बिल शाळेच्या अनुदानातून भरायचं की ग्रामपंचायतीने, हे दरवर्षी नव्याने ठरतं. तोवर महावितरणची नोटीस येते, जोडणी तुटते, आणि पुन्हा जोडायला वेगळा खर्च. काही शाळांत यासाठी सोलर बसवलं. पॅनेल वीस वर्षं टिकतं, बॅटरी चार-पाच वर्षांत संपते, आणि बॅटरी बदलण्याचं पान कुठल्याच अंदाजपत्रकात नसतं. जिथे लाइन आहे तिथे बॅटरीशिवायचं, ग्रिडला जोडलेलं सोलर घ्यावं. बॅटरीचं फक्त जिथे लाइन पोचत नाही तिथे.

आवाजाचं कुणी मोजत नाही म्हणून थोडं जास्त लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार वर्ग चालू असताना मागचा गोंगाट ३५ डेसिबलच्या वर नसावा. शिक्षकाचा नेहमीचा आवाज एक मीटरवर साठेक डेसिबल असतो, शेवटच्या रांगेत पोचेपर्यंत पन्नासच्या खाली येतो. लहान मुलांना शब्द स्पष्ट कळायला शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबल वर लागतो. पत्र्याखाली जोराच्या पावसात आवाज ७० च्या पुढे सहज जातो. म्हणजे शिकवणं बंद. शिक्षक फळ्यावर उतारा लिहून देतात आणि मुलं उतरवून घेतात. श्रुतलेखन, प्रकट वाचन, गोष्ट सांगणं हे सगळं पाऊस थांबेपर्यंत राहतं. इगतपुरीत पाऊस थांबण्याची वाट पाहणं म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको.

याची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही. घरी प्रमाण मराठी बोलणाऱ्या मुलाला अर्धं वाक्य ऐकू आलं तरी उरलेलं ते जुळवून घेतं. सुरगाणा, पेठ, कळवणच्या पाड्यांवर कोकणा किंवा वारली बोली बोलत आलेल्या पहिलीच्या मुलाला तो शब्दच नवा असतो. ‘ट’ आणि ‘ठ’, ‘द’ आणि ‘ध’ यांतला फरक त्याला कानानेच पकडायचा आहे. जिथे पाऊस जास्त तिथेच पत्रे जास्त, आणि तिथेच घरची भाषा वेगळी. निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानात तिसरीपर्यंत वाचन-लेखनाचं जे उद्दिष्ट आहे, त्याला या तिन्हींचा एकत्र फटका बसतो. निकाल मात्र ‘शिक्षकांची उदासीनता’ या सदरात जातो.

पत्र्याखाली फूटभर अंतर सोडून आतलं छत घातलं की आवाजही उतरतो आणि उन्हाळ्यात तापही. फायबर सिमेंटची बोर्डं चालतात. बांबूचे तट्टे स्थानिक मिळतात आणि करणारे हातही आहेत, पण त्यांना वाळवी आणि आगीचा विचार करून प्रक्रिया हवी, आणि स्वयंपाकाच्या खोलीजवळ ते अजिबात नकोत. थर्माकोल टाळावं, दोन वर्षांत उंदीर आणि चिमण्या त्याचा भुगा करतात.

याच पट्ट्यात पैसे न लागणारा एक बदल आहे. बहुतेक शाळांत चांगली खोली मोठ्या वर्गाला मिळते, कारण त्यांची शिष्यवृत्ती परीक्षा असते. पहिली बसते रस्त्याकडेच्या, स्वयंपाकघराशेजारच्या किंवा गळक्या खोलीत, कधी व्हरांड्यात. उलट करायला हवं. सगळ्यात शांत, सगळ्यात उजेडाची खोली पहिलीला. मोठी मुलं गोंगाटातही वाचू शकतात, अक्षरं शिकणारी शिकू शकत नाहीत. यासाठी एक परिपत्रक पुरेल.

पूर्वेकडे आलं की प्रश्न तापाचा. मालेगाव, नांदगाव, येवला भागात मार्चअखेरपासून पत्र्याची खोली दहा-साडेदहालाच भट्टी होते, आणि संकलित मूल्यमापन, म्हणजे सत्राची परीक्षा, नेमकं एप्रिलमध्ये. अमेरिकेतल्या एक कोटी विद्यार्थ्यांच्या निकालांवरून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शाळेचं वर्ष सरासरी एक अंश फॅरनहाइटने जास्त उष्ण गेलं तर वर्षभराच्या शिकण्यात सुमारे एक टक्का घट दिसली; वर्ग थंड ठेवण्याची सोय होती तिथे ती जवळपास पुसली गेली. ती मुलं मोठी होती आणि परीक्षा वेगळी, त्यामुळे आकडा जसाच्या तसा इथे लावू नये. दिशा मात्र तीच असणार. आपल्याला वातानुकूलनाची गरज नाही. पत्र्यावर मार्चच्या सुरुवातीला चुन्याचे किंवा उष्णतारोधक पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले तर आतला ताप दोन-चार अंशांनी उतरतो. चुना पहिल्या पावसात जातो, म्हणून तो दरवर्षी द्यावा लागतो. डिंक किंवा फेव्हिकॉल मिसळला तर थोडा जास्त धरतो. गरम हवा वर साचते, तिला बाहेर जायला समोरासमोरच्या भिंतींत छताखाली झरोके हवेत. झरोका नसलेल्या पत्र्याच्या खोलीत पंखा लावला की तो वरचीच गरम हवा मुलांच्या डोक्यावर ढकलतो. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी उतरतो तेव्हा हेच झरोके बंद करता यायला हवेत, म्हणून त्यांना झाकण ठेवावं. पातळ बस्करपट्टीवर, थंड फरशीवर बसलेलं मूल पहिला तासभर हात काखेत धरून असतं. तिथे बस्करपट्टीखाली जाड सतरंजी, एवढंच पुरे.

आता गळतीकडे येतो. या पत्रातली सगळ्यात नेमकी विनंती इथे आहे.

छत गळतं तेव्हा खोलीच्या एका कोपऱ्यात बादली ठेवली जाते आणि मुलं उरलेल्या तीन भागांत सरकतात. भिंतीचे पोपडे सुटतात, तक्ते उतरवावे लागतात, वाचनपेटीतली पुस्तकं ओलसर होऊन कपाटात जातात आणि सप्टेंबरपर्यंत बाहेर येत नाहीत. पत्र्याच्या छतात गळती बहुधा हुक बोल्टपाशी असते. बोल्ट पत्र्याच्या उंच घडीवर हवा. घाईत तो खोलगट भागात मारला जातो, जिथून पाणी वाहतं. रबरी वॉशर दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतो. वीस बाय वीसच्या खोलीला असे शंभर-दीडशे बोल्ट असतात. सगळे वॉशर बदलून वर डांबरी वॉशर आणि टोपी बसवणं हे दोन माणसांचं एक-दोन दिवसांचं काम आहे. नवा पत्रा घालण्याची गरज दहात एखाद्याच खोलीला पडते, पण अंदाजपत्रक सरसकट ‘छत बदलणे’ असं होतं.

स्लॅबच्या खोल्यांत मूळ दोन ठिकाणी : गच्ची आणि कठडा मिळतो तो सांधा, आणि पाणी उतरायच्या पाइपचं तोंड. पिंपळाची पानं, चेंडू, पतंग यांनी तोंड बुजतं, पाणी साचतं आणि आठवडाभर मुरतं. सांध्यात पिंपळाचं रोप आलं की ते उपटून उपयोग नाही, मूळ आत राहतं. तेवढा भाग फोडून मूळ काढावं लागतं. आतल्या सळया गंजल्या की फुगतात आणि खालचं काँक्रीट खपल्यांनी पडतं. हे दिसल्यावर वरून प्लास्टर मारून चालत नाही. तो धोक्याचा इशारा आहे आणि त्या खोलीत त्या दिवसापासून मुलं बसवू नयेत.

बिघडतं ते वेळापत्रकात. गळती दिसते जुलैत. पाहणी होते मार्चएंडच्या तोंडावर, तेव्हा खोली कोरडी खडखडीत. अभियंत्याला डाग दिसतात, पाणी कुठून आलं ते दिसत नाही. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश होईपर्यंत जून येतो. ठेकेदार पत्रे उतरवतो आणि दुसऱ्या दिवशी पाऊस. त्यात पुढची दोन वर्षं सिंहस्थाच्या कामांची आहेत. पन्नास हजारांच्या दुरुस्तीला ठेकेदार मिळणं आणखी अवघड होईल, हे आत्ताच गृहीत धरलेलं बरं. आमचं म्हणणं असं : ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाऊस चालू असतानाच मुख्याध्यापकांनी गळणाऱ्या प्रत्येक जागेभोवती आतून रंगाने गोल काढून तारीख घालावी आणि फोटो शाखा अभियंत्याला पाठवावा. ऑक्टोबरात पाहणी, डिसेंबरपर्यंत मान्यता, एप्रिल-मेमध्ये काम. लहान कामं शाळा व्यवस्थापन समितीमार्फत गावातल्याच गवंडी-सुताराकडून करून घेण्याची मुभा द्यावी आणि मोजमाप अभियंत्याने करावं.

धोकादायक खोल्यांचं निर्लेखन, म्हणजे त्या अधिकृतपणे मोडीत काढणं, हा याचाच पुढचा भाग. खोली वापरू नका असा अहवाल येतो, मग पाडण्याच्या परवानगीची फाइल फिरते, मग नव्या खोलीची मागणी, मग निधी. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात एका शिक्षकामागे निदान एक वर्गखोली सांगितली आहे. द्विशिक्षकी शाळेत दोन खोल्यांपैकी एक बंद झाली की पहिली ते चौथी एकाच खोलीत. एक शिक्षक पहिलीला अक्षरगट म्हणून घेतोय आणि आठ फुटांवर दुसरा चौथीला भागाकार शिकवतोय. दोघेही आवाज चढवतात आणि दोन्ही वर्ग एकमेकांचं ऐकतात. मग न बोलता ठरतं की एका वेळी एकानेच शिकवायचं. त्या दिवसापासून प्रत्येक मुलाचे शिकवण्याचे तास निम्मे. निर्लेखनाच्या प्रस्तावातच ‘मुलं तोवर कुठे बसतील’ हा रकाना सक्तीचा करावा : समाजमंदिर, अंगणवाडीची खोली की पार्टिशन घातलेला व्हरांडा, आणि कोणत्या तारखेपर्यंत. तो रकाना रिकामा असेल तर फाइल पुढे जाऊ नये.

शौचालयाबद्दल सगळे बोलतात, म्हणून फक्त न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी. स्वच्छ विद्यालय या सरकारी मोहिमेच्या निकषात ४० मुलांमागे एक युनिट आहे, म्हणजे एक शौचकूप आणि तीन मुताऱ्या. युनिटं असतात, पण कडी पाच फुटांवर, आणि पहिलीची मुलगी साडेतीन फुटांची. आतून बंद करता येत नाही म्हणून ती जात नाही. जात नाही म्हणून सकाळपासून पाणी पीत नाही. दुपारी तिचं डोकं दुखतं. कडी अडीच फुटांवर घेणं हे सुताराचं दहा मिनिटांचं काम आहे. निफाड, येवला, मालेगावच्या काळ्या जमिनीत शोषखड्डा नीट शोषत नाही, आणि जमीन उन्हाळ्यात भेगाळली की पाइपचे सांधे सुटतात. तिथे खड्डा मुरमापर्यंत नेऊन भोवती खडी-वाळूचा थर द्यावा. घाटमाथ्याला पावसाळ्यात खड्डाच पाण्याने भरतो, तिथे तो जमिनीपेक्षा उंच बांधावा.

आणि स्वच्छता. १०१ ते २५० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून वर्षाला ५० हजारांचं संयुक्त अनुदान. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर, म्हणजे पाच हजार. २०० दिवसांना भागलं की दिवसाला २५ रुपये. साबण, फिनेल, ब्रश आणि सफाईचा माणूस, सगळं यात. ३१ ते १०० पटाच्या शाळेला साडेबारा रुपये. एवढ्यात कुणी येत नाही, म्हणून कुलूप लागतं किंवा मुलांच्या हातात खराटा येतो. ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या बंधित निधीत स्वच्छता बसते, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) लागू असलेल्या गावांत ५ टक्के अबंध निधी आहे. गावातल्या सफाई कामगाराच्या रोजच्या फेरीत शाळा लिहून घालणं हे ग्रामपंचायतीला आपण सांगू शकता.

बाकांचं आणि फळ्याचं थोडक्यात : माध्यमिक शाळांचे जुने बाक दान म्हणून घेऊ नका. सहा-सात वर्षांच्या मुलाला बैठक ३१ सेंटिमीटर आणि वरची फळी ५३ ची लागते, तिसरी-चौथीला ३५ आणि ५९. मोठ्या बाकावर पाय लोंबकळतात आणि लिहिताना खांदा कानापर्यंत जातो. बसवायचंच तर पहिली-दुसरीला बस्करपट्टी आणि उतरती छोटी चौरंगी बरी. फळ्याची खालची कड दोन-सव्वादोन फुटांवर, म्हणजे मुलं स्वतः लिहू शकतात. सहा मीटरवरून वाचायचं अक्षर तीन सेंटिमीटरपेक्षा लहान नको. चकचकीत फळा खिडकीसमोर लावला की एका बाजूच्या मुलांना नुसता उजेड दिसतो. काळा रंग दरवर्षी जूनआधी द्यावा.

डिजिटल वर्गाबद्दल आमचं मत उघड आहे : गळकी खोली आणि दोन ट्यूब असलेल्या शाळेत टीव्ही संच देऊ नये. तो सुरक्षित राहावा म्हणून एकुलती कोरडी खोली कुलूपबंद होते आणि वर्ग व्हरांड्यात येतो.

आपल्याकडे मागणं काय, तर पंधरा तालुक्यांत प्रत्येकी पाच शाळा निवडून एक वर्षभर केंद्रप्रमुखांनी महिन्याच्या भेटीत पाच नोंदी घ्याव्यात. चालू नळ किती आणि जेवणानंतरचा पहिला तास प्रत्यक्ष किती वाजता सुरू झाला. दुपारी तीन वाजता मागच्या कोपऱ्यातल्या वहीवर किती लक्स, हे मोबाइलवरच्या अॅपनेही कळतं. थोडीफार चूक चालेल, ५० आणि ३०० मधला फरक त्यात लपत नाही. मार्च-एप्रिलमध्ये अकरा वाजता खोलीतलं तापमान. दर महिन्यात पाऊस, गळती किंवा खोलीअभावी शिकवणं थांबलं ती मिनिटं. आणि दुपारी एक वाजता शौचालयाच्या नळाला पाणी होतं का. या नोंदी निपुणच्या चाचणीच्या आकड्यांशेजारी ठेवाव्यात आणि शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावाव्यात, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनाही वाचता येतील. शाळा विकास आराखडा दरवर्षी त्याच आकड्यांवरून करावा, मागच्या वर्षीच्या आराखड्यावरची तारीख बदलून नव्हे.

पाच नोंदींचा नमुना अर्ध्या पानाचा आहे. ऑगस्टच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत तो वाटला तर पावसातली पहिली नोंद याच वर्षी मिळेल. सप्टेंबर उलटला तर ती पुढच्या जुलैत.

आपले,
नाशिक जिल्ह्यातील काही प्राथमिक शिक्षक, बांधकाम अभियंते आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य